शहिस्ताआपाची माडवाडी

"आपा, ऊठ आता तिथून. कॉटेजमधली माणसं बघतायत," इर्शाद व्हरांड्यातूनच म्हणाला.

शहिस्ता उठली नाही. तळेगावहून मावसबहिणीच्या लेकीचं लग्न उरकून ती नुकतीच परतली होती. अंगावर अजून लग्नातलीच साडी होती आणि त्या साडीनिशी ती अंगणातल्या ताज्या मुरुमावर गुडघे टेकून बसली होती. जिथं तिचे भेरली माड या पामच्या बियांचे वाफे होते, तिथं आता इर्शादच्या कॉटेजमध्ये उतरणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला सपाट जागा झाली होती. नखांनी मुरूम उकरत ती एकेक बी शोधत होती, आणि हाती लागत होती ती फुटलेली टरफलं... महिनोन्‌महिने मातीत निजलेलं आणि आता कुठं कोंब धरू पाहणारं तिचं सगळं बी रोलरखाली चिरडलं होतं.

"बियाच तर होत्या," इर्शाद खाली येत म्हणाला. "तयार रोपं ट्रकभर आणून देतो तुला. एक कोंब दिसायला वर्ष वर्ष वाट बघायची, याला कुणी धंदा म्हणतं का?"

"मला विचारलं होतंस?"

"जागा माझ्या नावावर आहे, आपा."

खरंच होतं ते. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या बागा राखता राखता त्यांचे वडील अल्लाउद्दीन यांनी वळवणच्या उतारावर हा तुकडा घेतला होता. आईमागोमाग तेही गेले, तेव्हा इर्शाद शाळेत जायच्या वयाचाही नव्हता. बंगल्यांतल्या पामांखाली पडलेली फळं ओच्यात गोळा करून आणायची, बी रुजवायचं, रोपं वाढवून त्याच बंगलेवाल्यांना विकायची... असं करत शहिस्तानं भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि ज्या दिवशी तो संसाराला लागला त्या दिवशी आपल्या हातानं ही जागा त्याच्या नावावर करून दिली.

"आणि खरं सांगू?" इर्शादचा आवाज चढला. "तुला स्वतःचा संसार नाही, म्हणून तू या झाडांत जीव अडकवून बसलीस. तुला बघायला आलेल्या तळेगावच्या त्या लोकांनी तुला नाकारलं, त्याचा राग आमच्यावर कशाला?"

"पुरे करा हो," दारातून त्याची बायको परवीन कळवळून म्हणाली.

शहिस्ताच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एका वाक्यात भावाचं तोंड बंद झालं असतं... पण ते वाक्य तिनं गिळलं. पदर झटकून ती उभी राहिली.

"जागा तुझी. मागची पिशव्यांतली रोपं माझी. ती घेऊन मी चालले."

"कुठं जाणार तू?"

"जिथं बी पेरताना कुणाची परवानगी लागणार नाही तिथं."

त्याच दुपारी टेम्पोत रोपं भरून ती आंदर मावळात विठाबाईकडे गेली. विठाबाई पूर्वी तिच्याकडे रोपांच्या कामाला असायची. आता ती आपल्या गावी भातशेती बघत होती. तिनं झऱ्याजवळचा पडीक तुकडा दाखवला आणि म्हणाली, "कर हितं काय करायचं त्ये. मला इचारायला येऊ नगंस."

गावातली माणसं हसली. भेरली माड तर रानात आपसूक उगवतो, तो पेरतं कोण, असं म्हणाली. शहिस्ता ऐकून घेई आणि वाफ्याला पाणी घालत राही. पहिल्या वर्षी बी कुजलं. तिनं वाळू वाढवली, वाफे उंच केले आणि पुन्हा पेरलं. ईदला परवीन शिरखुर्मा घेऊन आली, गळ्यात पडून रडली, घरी चला म्हणाली. शहिस्तानं तिचे डोळे पुसले, पण निरोप एकच दिला... "ज्यानं वाफे मोडले, त्यानं यावं."

तो आला दुसऱ्या वर्षी, भातकापणीच्या दिवसांत. तोवर वाफ्यांतून हिरवे कोंब सुईसारखे वर आले होते. इर्शादनं तिकडं पाहिलंही नाही.

"आपा, पुरे झाला हट्ट. बहिणीला घराबाहेर काढलं म्हणून लोक मला नावं ठेवतात."

"म्हणजे लोकांसाठी आलास."

बांधावर पेंढ्या बांधत बसलेल्या विठाबाईला राहवलं नाही. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"परवीन सांगत हुती, तळेगावच्यांनी हिला नाकारलं म्हनतोस व्हय रं? मी हुते तितं. ती मानसं म्हनली, धाकट्याला बोर्डिंगात टाक आन् मग निकाह लावू. हिनं त्येस्नी च्या बी प्यू दिला न्हाई, दारातनंच वाटंला लावलं. तू हिच्या मांडीवर झोपला हुतास तवा."

"विठा, गप्प बस," शहिस्ता म्हणाली. पण शब्द जाऊन पोचले होते.

इर्शाद तिथंच बांधावर मटकन बसला. तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"मला कधीच का नाही सांगितलंस, आपा? मी तुला त्या दिवशी काय काय बोललो..."

"सांगितलं असतं, तर जन्मभर माझ्यापुढं मान खाली घालून वावरला असतास. उपकाराखाली वाकलेला भाऊ मला नको होता. भांडणारा चालला."

"मला माफ कर. घरी चल. जागा पुन्हा तुझ्या नावावर करतो."

शहिस्तानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचेही डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही.

"माफ केलं. पण मी यायची नाही, इर्शाद. तिकडं मी तुझी आपा होते, परवीनची नणंद होते. इथं मी माझी आहे. भेटायचं असेल तर तू यायचंस."

त्यानं मान डोलावली. तिनं रानातल्या माडांखालून वेचून आणलेल्या पिकलेल्या फळांची बादली त्याच्यासमोर सरकवली.

"बाह्या वर कर. याचा गर काढून बी धुवायचंय. आग होईल हाताची."

"होऊ दे," तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले. थोड्याच वेळात कातडी लाल झाली, खाजेनं जीव नकोसा झाला, तरी तो हात बाहेर काढेना. शेवटी शहिस्तानंच त्याची मनगटं धरून ओढली, आपल्या पदराला पुसली आणि विठाबाईकडून खोबरेल मागवून एकेक बोट चोळू लागली.

"पुढच्या जुम्म्याला परवीनला घेऊन ये," ती मान वर न करता म्हणाली. "मात्र पेरणी मी सांगेन तशीच व्हायला हवी."