खोडलेले बारा तास

दाराबाहेर कुणीतरी पाटी उलटी करत होतं.

आकांक्षानं खिडकीतून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर ती आखाडा बाळापूरच्या त्या छोट्याशा दवाखान्यात माश्या मारत बसली होती. एक पेशंट फिरकत नव्हता. आणि हा कोण दीडशहाणा तिची ‘मनोविकार विभाग’ची पाटी भिंतीकडे तोंड करून टांगतोय!

“अहो! काय चाललंय?”

तो जराही दचकला नाही. जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला, “याडीला आणलंय, मॅडम. खाली उतरूनच न्हाई राहिली.”

“त्यांना वाचता येतं?”

“तिला न्हाई येत. पन आज बाजार हाय. बघणाऱ्याला येतं नं!”

आकांक्षाला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण जरा उशिरा... त्याला दिसलंच.

हा देविदास. तांड्यावरचा, बाळापूर ते डोंगरकडा जीप चालवणारा. याडी म्हणजे त्याची आई, रुख्मिणीबाई. धाकटी लेक सासरी गेली आणि म्हातारीच्या छातीत धडधड सुरू झाली, अन्न गोड लागेना. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

आकांक्षा हिंगोलीची, सोनाजी मास्तरांची लेक. मानसशास्त्र शिकलेली गल्लीतली पहिली मुलगी. शिक्षण झालं होतं, पण समुपदेशक म्हणून नोंदणी हवी तर अजून तीनशे तास पेशंटसोबत बसायचं होतं, तेही वरिष्ठांच्या देखरेखीखाली. नांदेडहून प्रेमानंद सर एक दिवसाआड येत, शेजारच्या खोलीत बसत, तिची वही वाचून एकेका तासावर सही करत. सही नाही तर तास नाही. मार्चअखेर वही पूर्ण झाली तर हिंगोलीतल्या एका संस्थेत नोकरी ठरलेली होती. मास्तरांनी आनंदाच्या भरात अर्ध्या हिंगोलीला सांगूनही टाकलं होतं.

याडीला मराठी कळायचं, पण मनातलं ती गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीतच बोलायची. मग मधे देविदास बसू लागला. याडी पाच मिनिटं हातवारे करत बोलली, की हा सांगायचा, “लेकीची आठवन येती म्हनून राहिली.”

“एवढंच? त्या तर केवढं बोलल्या!”

“बाकीचं तुमच्यावर हुतं.”

“माझ्यावर? काय?”

“पोरगी लई वाळली म्हनं. डबा आनती का न्हाई, इचार.”

दुसऱ्या दिवशी जीपमधून ज्वारीची भाकर आणि ठेचा आला. मग येतच राहिला.

याडीची धडधड हळूहळू कमी झाली आणि तांड्यावर बोभाटा झाला. पेमा आली, बेबीबाई आली, त्यांच्या जावा आल्या. पाटी उलटीच राहिली, वही मात्र भरत गेली. ऐकता ऐकता आकांक्षाला गोरमाटीही कळू लागली. हे तिनं देविदासला सांगितलं नाही. सांगितलं तर तो मधे बसायचा थांबला असता ना!

मार्च उजाडला. शिवारात हळद शिजू लागली, तिचा वास दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायचा. बायका हळदीच्या कामाला लागल्या आणि यायच्या थांबल्या. वहीत बारा तास कमी होते.

“मला लिवा की पेशंट म्हनून,” देविदास म्हणाला.

“तुम्हाला काय झालंय?”

“झोप येत न्हाई.”

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. चांगला धडधाकट, तजेलदार गडी! पण दिवस हातातून निसटत होते. तिनं नाव लिहिलं. अडला हरी... दुसरं काय!

आणि गंमत म्हणजे तो खरंच बोलू लागला. बारावीत नापास झाल्यावर दोन दिवस घरी न गेलेला देविदास. बाप गेला त्या दिवशीही गाडीभर माणसं वाटेत सोडायची कशी म्हणून डोंगरकड्यापर्यंत जीप नेणारा देविदास. ती ऐकत होती, लिहीत होती आणि प्रत्येक तासागणिक त्याच्यात गुंतत होती. सर सही करत गेले. तास तीनशे झाले.

शेवटच्या तासाची सही झाल्यावर केसपेपर पुरा करताना तिनं त्यातला राहिलेला प्रश्न वाचला, “झोप न येण्याचं कारण?”

देविदास किल्लीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “तुमी... आन हे खोटं न्हाई, मॅडम.”

आकांक्षाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिला इतका आनंद झाला, की तिला भीतीच वाटली. तिनं वही मिटली आणि उठून थेट शेजारच्या खोलीत गेली.

“सर, शेवटचे बारा तास खोटे आहेत. देविदास पेशंट नव्हते. मला तास कमी पडत होते.”

प्रेमानंद सरांनी चष्मा काढला. “मी सगळी वही रद्द करू शकतो, ठाऊक आहे?”

“हो, सर.”

“सही झाली होती. कुणाला कळलंही नसतं. मग सांगितलंस काहून?”

तिनं वही त्यांच्यापुढे सरकवली. “ते तास राहू दिले तर तो माझा पेशंट ठरतो, सर. आणि पेशंटला... तसा जीव लावता येत नाही.”

सरांनी वही उघडून ते बारा तास पाहिले. मग त्यांनी खिशातलं लाल पेन पुढे केलं. “तूच खोड. खाली मी सही करतो. आता सहा महिने थांब आणि बारा तास खरे आण. ती नोकरी मात्र गेली, आकांक्षा.”

तिनं एकेक ओळ खोडली. मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता, तरी हात थांबला नाही.

बाहेर देविदास जीपला टेकून उभा होता. याडी पुढच्या सीटवर बसली होती. त्यानं वही पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. “माझं नाव खोडलं? काहून? मी खोटं न्हाई बोललो.”

“म्हणूनच खोडलं.”

त्याला कळायला क्षणभर लागला. कळलं आणि हातातली किल्ली खाली पडली.

याडी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती गोरमाटीत भराभर बोलू लागली. देविदासचे कान लाल झाले.

“काय म्हणाल्या?” आकांक्षानं साळसूदपणे विचारलं.

“काई न्हाई... ऊन लई हाय म्हनून राहिली.”

याडी काय बोलली ते आकांक्षाला शब्द न् शब्द कळलं होतं. हे लाजाळू पोरगं जन्मात विचारायचं नाही, म्हणून मीच विचारते, तांड्यावर नांदायला येशील का? माझी लेक गेली, तू लेक होशील का?

आकांक्षानं वाकून किल्ली उचलली आणि देविदासच्या हातात दिली. मग म्हातारीकडे वळून, कुणालाही मधे न घेता, ती म्हणाली,

“हां, याडी.”