वीतभर नळी

नवऱ्याच्या, उदयच्या, तोयोसुमधल्या प्रोजेक्टमुळे विभा पुण्यातली आर्किटेक्टची नोकरी सोडून जपानला, उरायासुला आली. दोन वर्षं घरात काढल्यावर, २००६च्या हिवाळ्यात, तिला कावासाकीत एक बाइतो, म्हणजे तात्पुरतं अर्धवेळ काम, मिळाला. एका खाजगी संग्रहालयात प्राचीन रोमन कुटुंबाच्या थडग्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी राहत होती. प्रदर्शन उघडण्याआधी तिची मापं नकाशाशी ताडून पाहायची आणि राहून गेलेले रंग भरायचे, एवढंच काम.

ते तिला मनापासून आवडलं. बाहेरून साधी विटांची भिंत, पण बुटक्या दारातून वाकून आत गेलं की कमानदार छताची खोली. भिंतींत ओळीने कोनाडे. त्यांत अस्थींचे कलश गिलाव्यात गळ्यापर्यंत पुरलेले, नुसती झाकणं वर. मधल्या जागेत लाल रेघा, फुलापानांच्या माळा, मोर. जमिनीवर काळ्यापांढऱ्या खड्यांची नक्षी आणि तिच्या मधोमध मातीच्या नळीचं तोंड. घरचे लोक सणाला येऊन या नळीतून खालच्या मृतांना पाणी, दारू पाजत. इथली नळी अर्थात शोभेची होती. वीतभर लांब, थडग्याखालच्या पोकळ चौथऱ्यातच संपणारी, खाली लाकडी बूच मारलेली.

एका सकाळी तिला त्या नळीची कड ओली दिसली. आतून नळी कोरडीठाक, खडेही कोरडे, फक्त कड ओली. कुणीतरी ओठ लावून गेल्यासारखी. दुसऱ्या दिवशीही तेच.

हॉलच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, तिच्याकडे आणि हॉलची व्यवस्था पाहणाऱ्या मोरिया-सानकडे. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. इथे कबरींवर पाणी घालतातच, तेव्हा म्हातारा गुपचूप घालत असणार, असं तिने धरलं. ती त्यांच्या ओल्या बाह्या शोधू लागली, त्यांच्या आधी येऊन बसू लागली. आपण पाहतोय तसे तेही आपल्याकडे पाहताहेत, हे तिला जाणवत होतं. उदय म्हणाला, ओल धरत असेल. पण ओल धरू नये म्हणून हॉलमध्ये यंत्र अहोरात्र चालू असे.

मग एक दिवस तिला ऑफिसात बोलावलं. नळीजवळचे खडे सुटू लागले होते आणि तिथे पाणी तीच घालते, अशी मोरिया-सानची तक्रार होती. पुन्हा असं झालं तर काम बंद, असं तिला हळू आवाजात, नम्रपणे सांगण्यात आलं.

ती तशीच थडग्यापाशी गेली. मोरिया-सान आत होते.

“पाणी तुम्ही घालता आणि नाव माझं सांगता?”

“मी कधीच घातलं नाही, विभा-सान. तुमच्यात पितरांना पाणी देतात, असं वाचलं होतं. म्हणून मला वाटलं, तुम्हीच.”

तिचा विश्वास बसला नाही. त्यांचाही बसलेला दिसत नव्हता.

तिने बादली भरून आणली. मी घातलं असतं तर लपलं नसतं, नळी वीतभर आहे, तांब्याभर पाण्यातच भरून वाहील, सगळी नक्षी भिजेल, नुसती कड ओली राहणारच नाही, असं त्यांना बजावून ती ओतू लागली.

पाणी वर आलंच नाही. बादली संपली.

मोरिया-साननी चौथऱ्याच्या बाजूची फळी काढून आत टॉर्च मारला. लोखंडी सांगाडा, धूळ, बूच जागच्या जागी. एक थेंबही नव्हता.

तक्रार मागे घेतो, असं ते पुटपुटले. मग तिच्या हातातली बादली घेऊन त्यांनी स्वतः भरून आणली आणि ओतली.

तीही संपली.

खाली, चौथऱ्याच्या खूप खाली, रिकामं भांडं दगडावर ठेवल्याचा आवाज आला.

मग दुसरं.

मग एकामागून एक, सावकाश, जेवण आटोपल्यासारखी.

शेवटचं फार हलकं होतं, लहान मुलाच्या पेल्याएवढं. ते खाली ठेवलं गेलं नाही. ते दगडावर आपटतच राहिलं.