बेथनी क्रॉसिंगचे दगड

थडग्याच्या दगडापुढे चार फूट खणलं, तरी शवपेटी लागेना.

डेप्युटी शेरिफ व्हर्जिल कुचेरा खड्ड्यात उतरला. खड्ड्याच्या कडांत गवताची मुळं खालपर्यंत सरळ, अखंड. या मातीला आजच्या आधी कुणी फावडं लावलेलंच नव्हतं.

काठावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या ॲडलीनआजी उभ्या होत्या. जिल्ह्याच्या गावी नवऱ्याच्या थडग्याशेजारी आपलं बाळ नेऊन ठेवायचं आणि मग डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा.

"माझा ओटो कुठाय रे?"

रेल्वे दुसरीकडून गेली आणि बेथनी क्रॉसिंग गाव उठलं. नेब्रास्काच्या त्या माळावर उरली पहिल्या वसाहतवाल्यांची ही दफनभूमी, आणि तिचा राखणदार लीलंड प्रॅट. कुंपणापलीकडचा मका त्याचाच. दर मे महिन्यात इथे झेंडे लावून भाषण ठोकणाराही हाच.

"कोल्ह्यांनी उकरून नेलं असेल," प्रॅट म्हणाला.

"मुळं न तोडता? बरेच हुशार कोल्हे तुझ्याकडचे!" व्हर्जिल म्हणाला.

प्रॅट हसला. किळस यावी असं गोड.

व्हर्जिल दगडांमधून फिरला. सगळी नावं दक्षिणेला, रस्त्याकडे. शेवाळ उन्हाच्या बाजूला चढलेलं, सावलीची बाजू साफ. कुंपणापलीकडे घोट्याएवढ्या मक्यात जांभळ्या आयरिसची फुलं.

"ही कुणी लावली?"

"पाखरांनी बी टाकलं असेल."

"असं रांगेत?"

प्रॅटनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"ऐका, आजी," व्हर्जिल म्हणाला. "शेवाळ सावलीत धरतं. इथे ते उन्हात आहे, म्हणजे दगड फिरवलेत. जुनी माणसं मेलेल्याचे पाय आणि दगडावरचं नाव पूर्वेला करायची, रस्त्याकडे नाही. यानं दगड तेवढे उचलून इथे मांडले, तोंडं रस्त्याकडे करून, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं वाचता यावीत म्हणून. माणसं राहिली तिथेच, मक्याखाली. ही आयरिस आयांनी थडग्यांवर लावलेली. नांगरानं गड्डे तुटतात, मरत नाहीत."

"दीड एकर सोन्यासारखी जमीन मेलेल्यांसाठी पडीक ठेवू?" प्रॅट उसळला. "कुणाचं काय बिघडलं?"

सगळ्यात छोट्या ताटव्याखाली खणलं. हातभर लांबीची पेटी निघाली. कोपऱ्यांना तांब्याचे खिळे.

"माझ्या ओटोच्या बापानं ठोकलेत," आजी म्हणाल्या.

शी! बेड्या घालायलासुद्धा व्हर्जिलला प्रॅटचा हात धरवेना.

आजी फळीवरची माती पुसत होत्या. एकदम थांबल्या.

"दर ऑगस्टला हा प्रॅट मला टोपलीभर कणसं आणून द्यायचा. म्हणायचा, आजी, याच तुकड्यातला मका सगळ्यात गोड."

त्यांनी तोंडावर हात दाबला.

"आणि मी मिटक्या मारत खाल्ला रे तो."