अठ्ठाविसावं भिंग

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी भुताखेतं मानणारा माणूस नाही, आणि ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा मावसभाऊ, आमचा दादा, तर मुळीच नाही.

रविवार होता. दुपारचे अडीच. पण दादाच्या प्रयोगशाळेतल्या त्या हॉलला एकही खिडकी नाही. आत गेलं की दिवस कुठला आणि रात्र कुठली...

दादा न्यूट्रॉनच्या झोतावर काम करतो. तो झोत एका ठिपक्यात गोळा करायला भिंगं लागतात. आपल्या नेहमीच्या भिंगाच्या उलट, मध्ये खोलगट. एकट्यादुकट्या भिंगाचं ते काम नाही, म्हणून एकामागे एक अठ्ठावीस. एक जरी कमी पडलं, तरी पडद्यावरचा ठिपका पसरतो.

ही भिंगं प्रयोगशाळेतले जुने मदतनीस सांभाळायचे, सगळे त्यांना काकाच म्हणत. बावीस वर्षं. हातात पांढरे मोजे, मुठीत रबरी फुगा. फूस... फूस... आधी धूळ उडवायची, मगच भिंग खाचेत.

"लग्नात बायकोचा हातसुद्धा एवढा जपून धरला नव्हता," म्हणायचे.

गेल्या वर्षी काका जेवायला गेले होते. दादाला घाई. त्याने मोजे न घालताच एक भिंग उचललं.

ते निसटलं.

कडेचा टवका उडाला, मधोमध तडा गेला. दादाने ते गुपचूप डबीत परत ठेवलं. सांगणार होता हो. पण संध्याकाळी.

त्याआधीच काकांनी डबी उघडली. बराच वेळ ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

"साहेब, सकाळी मीच ठेवलं होतं. माझ्याच हातून झालं असणार... मला कळलंसुद्धा नाही."

दादाच्या तोंडातून ब्र निघाला नाही.

महिन्याभरात काकांनी काम सोडलं. पुढच्या चार महिन्यांत ते गेले.

नवीन भिंग अजून यायचं होतं. त्या रविवारी सत्तावीसच होती. बाहेरून एक संशोधक बाई नमुना घेऊन आल्या होत्या. दादाने त्यांना आधीच सांगून ठेवलं, "ठिपका पसरेल. चालवून घ्या."

त्याने झोताचं शटर उघडलं.

पडद्यावर ठिपका आला... बारीक. टाचणीच्या टोकाएवढा.

"उगाच घाबरवलंत की मला!" बाई खूश.

 शटर बंद करून दादा आत, झोताच्या खोलीत गेला. भिंगं मोजली. सत्तावीस. पुन्हा मोजली. सत्तावीस. अठ्ठाविसावी खाच रिकामी.

फक्त... बाकीच्या खाचांच्या कडांवर बारीक धूळ होती. रिकाम्या खाचेत कणही नव्हता.

तो बाहेर आला. दाराला कुलूप लावलं. आत कोणी असताना झोत सोडताच येत नाही, तशी सोयच आहे तिथे. त्याने झोत पुन्हा सोडला. आतला आवाज तिथल्या कॅमेऱ्यातून टेबलावरच्या स्पीकरवर येतो. आधी नुसती खरखर...

मग...

फूस...

फूस...

"आत कोणी आहे का?" बाईंनी विचारलं.

दादा उठला, तो थेट काकांच्या घरी, काकूंकडे गेला. आज सगळं सांगून टाकायचं, हे ठरवूनच. काकूंनी पाणी दिलं. समोर बसल्या.

"शेवटी शेवटी कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, माझ्या हातांचा भरवसा राहिला नाही. तुम्ही तर रोज बघत होता. खरंच थरथरायचे का हो हात? मला घरात कधी दिसलं नाही."



"वय झालं होतं, काकू," एवढंच दादा म्हणाला.

हे मला सांगताना तो ढसाढसा रडला. मी म्हटलं, "रडतोस काय? ऊठ, जा, आत्ता सांग." म्हणाला, "जाईन." या गोष्टीला सहा महिने झाले. नवीन भिंग येऊन पडलंय, त्याने खोकंही उघडलेलं नाही. सत्तावीस भिंगांवर ठिपका तसाच बारीक येतो. वरचे साहेब दादाची पाठ थोपटतात. त्याला घास गिळवत नाही.

हे मी त्याला न विचारता लिहितोय. कळलं तर माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

काकू, हे कधी तुमच्यापर्यंत पोचलं तर... ते भिंग त्यांच्या हातून फुटलं नव्हतं. काकांचे हात कधीच थरथरत नव्हते.

अजूनही थरथरत नाहीत.