कोमट डबी

ज्यांचं जेवण व्हायचं असेल त्यांनी आधी उरकून घ्या. मागाहून मळमळलं तर मला बोल लावू नका.

"मामा, पण भूत आहे ना?"

ते तुम्ही ठरवा. माझ्या साडूच्या बाबतीत घडलं ते सांगतो.

साडू फौजेत लॅबवाला होता. लोकांनी खोकून काढलेला कफ तपासायचा. लग्नानंतर वर्षभर बायको त्याला पिठाच्या डब्याला हात लावू देत नव्हती. हसा, हसा. तोही हसायचा.

त्यांचं पथक परमुलुखात होतं, बायकापोरांसकट. छोटं इस्पितळ, दोन खोल्यांची लॅब. लॅबच्या खिडकीला बाहेरून रुंद कट्टा होता. सकाळी लोक कफाच्या डब्या त्यावर ठेवून जात.

एका हवालदाराची बायको चार महिने खोकत होती. छातीच्या फोटोत क्षयासारखे डाग, पण क्षयाच्या गोळ्या लागू पडेनात. साडू तिचा कफ नळीत घालून उबेच्या पेटीत ठेवी. क्षयाच्या जंतूला वाढायला कित्येक आठवडे लागतात. हिच्या नळीत सहाव्या दिवशीच पिवळट, चकचकीत, शेंबडासारखा थर. इतक्या लवकर? म्हणजे बाहेरची घाण मिसळली. नळी फेकून दिली. लॅबवाले असंच करतात. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग हा चिडला.

"वहिनी, तोंड तरी धुता का डबी भरण्याआधी? सगळा घाणेरडा नमुना येतो."

ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "भाऊजी, मी दोन वेळा अंघोळ करते हो. शॉवरच्या गरम वाफेत उभी राहिले की जरा छाती मोकळी होते. पोरीलाही खोकला लागलाय, तिलाही सोबत घेते."

"मग घ्या वाफ. चांगलंच आहे," हा म्हणाला.

दोन डिसेंबरला ती गेली.

अकरा डिसेंबर, दोन हजार अठरा. मंगळवार. तिकडे हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. सात वाजून दहा मिनिटांनी साडू लॅबमध्ये विसरलेला चष्मा आणायला गेला. चष्मा टेबलावरच होता. तो घालून वळला, तर बाहेर कट्ट्यावर एक डबी.

संध्याकाळी कुणी डबी ठेवत नाही. त्याने खिडकी उघडून ती आत घेतली. बाहेर बर्फ पडत होतं, आणि डबी कोमट होती. आत्ताच भरल्यासारखी. पट्टीवर हवालदाराच्या बायकोचं नाव, तिच्याच अक्षरात. खाली तारीख. त्या दिवशीची.

"कुणीतरी चेष्टा केली असेल, मामा."

त्यालाही तसंच वाटलं. तशीच्या तशी ती डबी त्याने वाफेच्या मोठ्या कुकरात टाकली, जंतू मारायच्या. झाकण आवळलं. हात धुवायला नळ सोडला.

पाणी आलं नाही.

नळात कुणीतरी खोकलं.

लांबून. भिंतीच्या आतून. मग जवळून. ओला, घोगरा खोकला. नळाच्या तोंडाशी काहीतरी जमलं. पिवळट. हळूहळू त्याची तार झाली. लोंबली. तुटेना... त्याच्या ओंजळीत उतरली. कोमट.

तो ओकला. तिथेच.

खोकला थांबला. मागे कट्ट्यावर टक् असा आवाज झाला.

दुसरी डबी.

पट्टीवर तेच अक्षर. पण नाव... पोरीचं.

...

"मग?"

मग काय. त्याने त्यातला कफ नळीत घातला. सहा दिवस झोप नाही. सहाव्या दिवशी तोच शेंबडासारखा थर. या वेळी त्याने फेकला नाही. नळी घेऊन डॉक्टरसाहेबांपुढे उभा राहिला आणि आधी फेकलेल्या तिन्ही नळ्यांचं सांगून टाकलं. साहेबांनी थराचा ठिपका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मग म्हणाले, "ही घाण नव्हती रे. हाच रोग होता. क्षयाचा चुलतभाऊ. नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतो, वाफेबरोबर छातीत जातो."

हवालदाराच्या घरचा शॉवर उघडला. आत बोटभर गिळगिळीत लगदा. वास असा की प्लंबर नाक दाबून बाहेर पळाला.

पोरीला वेगळी औषधं सुरू झाली. दीड वर्ष चालली. वाचली. गेल्या वर्षी आठवीत होती.

साहेबांनी हवालदाराला विचारलं होतं, "पोरीचा नमुना कोणी आणून दिला?"

"कोणी नाही, साहेब. सात वर्षांची पोर ती. तिला थुंकता कुठे येतं? सगळं गिळते."

साडू गेल्या वर्षी वारला. त्याच्या ट्रंकेत ती दुसरी डबी निघाली. पट्टी खरवडलेली. उकळून, घासून लख्ख केलेली. रिकामी. झाकण मात्र घट्ट.

आतून वाफ धरलेली.

मी उघडून पुसली. कोरडी केली. झाकण लावून त्या फडताळात ठेवली, तुझ्या मागच्या. सकाळी पाहिलं...

आतून ओली. आणि तळ कोमट.