कोकराचा कान

उघडी छत्री घेऊन कुणी संग्रहालयाच्या दुरुस्तीखोलीत शिरतं का? तो शिरला होता! इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की तिला हसू आवरत नाही.

ती तेव्हा फुटकी भांडी जोडायची. त्या दिवशी टेबलावर रोमन काळातल्या मातीच्या दिव्याचे तुकडे होते. दिव्यावर मेंढपाळ, त्याच्या खांद्यावर कोकरू.

"येशूच ना हा?" तिने विचारलं.

"सांगणं कठीण आहे!" तो खुलला. पहिले ख्रिस्ती कुणाकुणाकडून काय शिकले, हेच तो शोधत होता. "ग्रीक लोक असा कोकरूवाला शेकडो वर्षं आधीपासून घडवत होते. ज्यूंच्या स्तोत्रांतही देव मेंढपाळच. एकाच दुकानातून सगळे दिवे घ्यायचे, आणि ज्याला त्याला आपलाच दिसायचा."

"मग ख्रिस्त्यांचं नवीन काय?"

"ग्रीकांचा मेंढपाळ कोकरू बळी द्यायला न्यायचा. यांना वाटलं, हरवलेलं घरी आणतोय..." तो तिच्याकडे पाहत राहिला आणि पुढचं विसरला.

दिवा पुरा होईपर्यंत त्याला खोलीत यायची परवानगी होती. तो रोज येऊ लागला, आणि तिचा चटपटीत हात एकाएकी मंदावला.

"एवढ्याशा दिव्याला किती वेळ गं?" खोलीच्या प्रमुख ताई विचारायच्या.

"कोकराचा कान सापडत नाहीये, ताई." ती मान वर न करता सांगायची.

मग एक दिवस तो पडलेल्या चेहऱ्याने आला. लांबच्या विद्यापीठात नोकरी लागली होती.

"कान मिळाला?"

"नाही..."

"डाव्या खणात आहे. कापसात गुंडाळलेला."

ती कानापर्यंत लाल झाली. "तुम्हाला – कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही खणातून चिमटा घेतलात, तेव्हा दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"दिवा पुरा झाला असता, तर मला इथे कोण येऊ देणार होतं?"

तिने खण उघडला. त्याच्याकडे बघतच कान चिकटवला.

"आता हरवलेल्याला घरी न्यायचं राहिलं," तो हळूच म्हणाला. "नेशील?"

"मी? कुणाला?"

"मला."

दिवा आता काचेच्या कपाटात आहे. दोघं अधूनमधून जाऊन बघतात. कान जरा वाकडाच बसलाय. तो डिंक पाण्याने सुटतो, नीट करणं तिच्या हातचा मळ होता. पण तिने कधी केलं नाही.

"वाकडाय," तो दर वेळी म्हणतो.

"असू दे," म्हणत ती त्याची छत्री मिटते.