रथसप्तमीपर्यंत सावलीत

श्रावण सरत आला होता. परभणीहून पाथरीला निघालेल्या एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या फटींतून बारीक झड आत येत होती... ओल्या धोतरांचा, भाजलेल्या शेंगांचा, डिझेलचा वास एकात एक मिसळला होता. कस्तुरा दांडीला धरून उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, काखेत शिवणाच्या रिळांची पिशवी.

शेजारच्या बाकावरचा एक माणूस लगबगीनं उठला.

"आजी, बसा हितं. किती येळ उभ्या ऱ्हाता?"

कस्तुरानं पदर मागं सारून त्याच्याकडं पाहिलं. बेचाळीस वर्षांची होती ती. त्या माणसानं जीभ चावली.

"म्हणजे... तसं न्हाई. पदरामुळं..."

"बसते की," ती म्हणाली. "आजी म्हणलाव, आता बसायलाच पाहिजे."

पाथरी येईस्तोवर तो कानापर्यंत लाल होऊन उभा राहिला. कस्तुरा खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. पण हसू ओसरलं तसं आत कुठंतरी काटा मोडल्यासारखं झालं, अन् तो काही केल्या निघेना.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून घर तिच्या अंगावर आलं होतं. भावांची शिक्षणं, धाकट्या सुमनचं लग्न... या साऱ्यात तिचं स्वतःचं लग्न पुढं पुढं ढकललं गेलं, अन् एक दिवस लोकांनी विचारायचंच सोडलं. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, वडील गेल्यापासून आईसोबत राहायची. अलीकडं मात्र जो तो विचारी, "बाई, बरं न्हाई का?" बरं सगळं होतं. चेहराच तसा दिसायला लागला होता.

सुमन औरंगाबादच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिथं अधूनमधून मुंबईचा एक डॉक्टर येई. वयानं ओघळलेले चेहरे तो नीट करी म्हणे. मागल्या दिवाळीत सुमननं हे सांगितलं तेव्हा दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. आता कस्तुरानंच तिला फोन लावला. सुमन म्हणाली, "आधी फोटो काढून आण. समोरून, दोन्ही बाजूंनी, अन् एक हसताना."

स्टँडजवळ नवा फोटो स्टुडिओ निघाला होता. कस्तुरानं पडदा सारला अन् थबकली. एस.टी.तलाच माणूस! नाव बन्सीधर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नांदेड सोडून नुकताच इथं आला होता.

"तुमी!" तो उठलाच.

"बसा, बसा. आज जागा लय हाय."

तो ओशाळून हसला. कॅमेऱ्यामागं गेला, पुन्हा पुढं आला. "फोटो... लग्नासाठी?"

विचारताना त्याचा आवाज का अडखळला, ते त्यालाही कळलं नसावं.

"डॉक्टरसाठी," ती म्हणाली अन् सगळं सांगून टाकलं.

त्यानं दिवा तिच्याकडं वळवला. "हनवटी वर... थोडी... अजून थोडी..." म्हणत त्याचं बोट तिच्या हनवटीपासून वीतभर अंतरावर हवेतच थांबलं. कस्तुराला उगीचच श्वास धरावासा वाटला.

"आता हसा."

"काहून? इनाकारण?"

"मग त्या दिवशी एस.टी.त मनातल्या मनात घातली ती शिवी परत घाला."

ती खळखळून हसली. खटका पडला.

फोटो हातात आले तेव्हा ती बघतच राहिली. कपाळ साबणासारखं गुळगुळीत, डोळ्यांखाली सावली नाही, गालावर डाग नाही.

"ही कोण?"

"तुमीच की," बन्सीधर डोकं खाजवत म्हणाला. "डाग झाकायला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची सवय... हात आपोआप चालला."

"अहो, हे बघून डॉक्टर म्हणल, बाईला काय धाड भरली!"

परत फोटो काढावे लागले. ते धुवून येईपर्यंत बाहेर भुरभुर पाऊस, आत चहा. कस्तुरा त्याला समजावून सांगत होती, जसं काही स्वतःलाच सांगत होती. ऑपरेशनमध्ये कानापुढून चीर देतात, कातडी मागं ओढून टाके घालतात. महिनाभर सूज, पण पुढं बरीच वर्षं बघायला नको. दुसरा मार्ग सुईचा न् औषधी लेपाचा. त्यात कापाकापी नाही, पण गुणही तेवढाच बेताचा.

"तुमाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"काहीच करू नका. तुमी हायत तशाच... लय छान हायत."

ऐकायला गोड होतं ते. तरी कस्तुराच्या कपाळाला आठी पडली.

"सांगायला सोपं हाय. अन् तुमचे केस एवढे काळेभोर कसे हो? कानामागं डाग हाय बघा, रंगाचा."

बन्सीधरचा हात झटकन् कानामागं गेला. ती नुकतेच धुवून आलेले फोटो उचलून निघून गेली. पावसात, छत्री न घेता.

त्यानंतर ती त्या रस्त्यानं जायचं टाळू लागली. गणपती उठले, पितृपक्ष लागला. एके संध्याकाळी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा दिसला. केसांत मुळाशी बोटभर पांढरं अन् वर काळं. शाळेच्या पोरी तोंडाला ओढण्या लावून हसत होत्या.

"हे काय ध्यान!" कस्तुरालाही हसू आवरेना.

"रंग लावणं सोडलं. पण तुमीबी डॉक्टरचं सोडा, असं सांगाया आलो न्हाई," तो म्हणाला. "त्या दिवशी मी माझ्या मनाचं बोललो. चेहरा तुमचा हाय. काय करायचं ते तुमी ठरवा... मला फकस्त कळवा. वाट बघायलोय."

तिनं पिशवी काखेत मारली अन् वाटेला लागली. घरी जाताना तिची चाल हलकी झाली होती.

दसऱ्यानंतर ती औरंगाबादला गेली. डॉक्टर नेक माणूस. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

"ऑपरेशननं मोठा फरक पडेल. पण क्वचित एखादी नस दुखावते, मग काही महिने हसू एका बाजूला रेंगाळतं. सुईनं घड्या भरतात, पण पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागतं. लेपानं सुरकुत्या फारशा जाणार नाहीत, उन्हाचे डाग जातील."

मग त्यांनी तिला आरशापुढं बसवलं अन् दोन्ही गाल बोटांनी हळूच कानांकडं ओढून धरले.

आरशात बाविशीतली कस्तुरा होती. ती तिच्याकडं किती वेळ बघत राहिली... ही पोरगी कुणी काहीही म्हणो, मान हलवायची. स्वतःला काय पाहिजे, हे तिनं कधी तोंडातून काढलं नाही. देखणी होती, पण भित्री. कस्तुराला तिची दया आली. तिच्यासारखं पुन्हा व्हावंसं मात्र वाटलं नाही.

"सोडा डॉक्टर," ती म्हणाली. "हिला मी वळखते. पण हे डाग मला नको हायत. लेप लावा."

"अगं, मोठं काम करून घे की! एवढी आलीस ते," सुमन कुजबुजली.

"मला जेवढं पाहिजे तेवढंच," कस्तुरा म्हणाली. एवढं ठामपणे बोलल्याचं तिलाच नवल वाटलं.

लेपानं आग झाली, खपल्या धरल्या, खाली गुलाबी कोवळी कातडी आली. डॉक्टरांनी बजावलं, ऊन लागू द्यायचं नाही. सुमननं हिशेब सोपा करून दिला, "रथसप्तमीपर्यंत सावलीत ऱ्हा."

पाथरीत सावली शोधायची म्हणजे! पण आल्या आल्या तिनं बन्सीधरला सगळं कळवलं होतं; सकाळी ती शाळेला निघाली, तर दारात बन्सीधर मोठी काळी छत्री उघडून उभा.

"लोक बघायलेत," ती म्हणाली.

"बघू द्या. फोटोवाला हाय मी, लोकांकडं बघण्यातच जिंदगी गेली."

तेव्हापासून सकाळी शाळेपर्यंत अन् संध्याकाळी घरापर्यंत ती छत्री तिच्यावर धरलेली असे. त्या काळ्या सावलीत दोघांपुरतं एक निराळंच गाव वसलं. बाहेर बाजार, गाड्या, धूळ... आत फक्त त्याचा हळू आवाज अन् तिचं हसणं. कधी बाही बाहीला लागे अन् पुढची गल्ली स्वप्नातल्यासारखी सरून जाई.

रथसप्तमी आली. अंगणात आई पार्वतीबाईनं सूर्याचा रथ काढून गोवऱ्यांवर दूध ठेवलं अन् ती नैवेद्याचं बघायला आत गेली. कस्तुरा उंबरा ओलांडून उघड्या उन्हात आली. गाल स्वच्छ होते. डोळ्यांच्या कडेच्या रेषा होत्या तशाच होत्या.

बन्सीधर आला, पण छत्री मिटलेली. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"उद्यापासून काय निमित्त काढून यावं, त्याचा इचार करायलोय."

"निमित्त कशाला पाहिजे?"

"मला तर निमित्त न्हाई पाहिजे. मला तुमी पाहिजेत," तो एका दमात बोलून गेला, अन् मग घाबरला. "म्हणजे... जन्मभरासाठी. तुमची मर्जी आसंल तर."

कस्तुराच्या कानशिलांत गरम झालं. पण तिनं मान नुसती हलवली नाही. त्याच्या डोळ्यांत बघून तोंडानं म्हणाली, "हाय माझी मर्जी. मलाबी तुमीच पाहिजेत. आता आत जाऊन आईला इचारा. दूध उतू जायच्या आत."

त्यानं छत्री तिच्या हातात दिली, चपला काढल्या अन् उंबऱ्याशी क्षणभर घुटमळून आत गेला. कस्तुरा कान देऊन उभी राहिली. आतून आधी भांड्याचा आवाज आला, मग त्याचं खाकरणं, अन् मग आईचा खणखणीत स्वर...

"ये बाबा, बस. कवाची वाट बघायले मी!"